जॅझ आणि ब्लूज : कांहीं संग्राह्य ध्वनिमुद्रिका

अमेरिकेंतील ज्या संगीतास 'जॅझ' आणि 'ब्लूज' म्हणतात त्याची गोडी लागावी अशी इच्छा असलेले, पण आरंभ कोठून करावा हें न कळल्यामुळें दारांतूनच परतणारे रसिक आमच्या परिचयांत पुष्कळ आहेत. बहुतेकांची तक्रार एकच असते. कोणीं तरी एखादी अत्यंत अवघड अशी तबकडी त्यांच्या हातीं दिली, ती त्यांनीं दोनदां ऐकली, आणि हा नुसता गोंगाट आहे असा निकाल देऊन बाजूस ठेविली. ज्यानें हिंदुस्थानी संगीत कधीं ऐकलेलें नाहीं त्यास पहिल्याच बैठकींत अल्लादियाखांसाहेबांच्या घराण्यांतील एखादा अनवट जोडराग ऐकविला तर त्याचीहि हीच गत व्हावयाची. अशा रसिकांकरितां कांहीं निवडक ध्वनिमुद्रिकांची ओळख करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे. या सर्व मुद्रिका आतां नव्या साधनांनीं घरबसल्या ऐकतां येतात, तेव्हां त्या मिळणार कोठें हा प्रश्न उरलेला नाहीं. मात्र ही निवड आम्ही आवडीच्या क्रमानें न करितां इतिहासाच्या क्रमानें करणार आहों, आणि त्यास कारण आहे.

युरोपांतील अभिजात संगीताचा इतिहास लिहावयाचा तर छापील स्वरलिपींचे ग्रंथ चाळावे लागतात. बीथोव्हेन १८२७ सालीं निवर्तला. त्याचें वादन कोणासहि जतन करतां आलें नाहीं, तरी त्याची कृति आज पुन्हां उभी करतां येते. जॅझची गोष्ट निराळी. येथें वादक वाजवितां वाजवितां जें रचितो तीच त्याची कृति. ती कागदावर उतरविली तर सांगाडा हातीं येतो, प्राण निसटून जातो. या बाबतींत आमच्या ख्यालगायनाशीं तिचें नातें जवळचें आहे. अमेरिकेंत हें संगीत आकारास येत होतें त्याच सुमारास ध्वनिमुद्रणाचा धंदा तेथें भरभराटीस आला. हा योग जुळला नसता तर या कलेचीं पहिलीं तीस वर्षें आज केवळ म्हाताऱ्यांच्या आठवणींत शिल्लक राहिलीं असतीं. म्हणून या जुन्या तबकड्या म्हणजे या संगीताच्या पोथ्याच होत. आणि पोथी वाचतांना ती कोणीं लिहविली, कशासाठीं लिहविली व तींत काय गाळलें गेलें हें जसें पाहावें लागतें, तसेंच येथेंहि पाहिलें पाहिजे.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचें संगीत मावत असे. हें बंधन आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. अब्दुल करीमखांसाहेबांच्या ज्या मुद्रिकांवर महाराष्ट्राच्या दोन पिढ्या पोसल्या त्या याच मापाच्या. खांसाहेबांनीं त्या तीन मिनिटांत ठुमरी अशी बसविली कीं ती कापून आंखूड केल्यासारखी वाटत नाहीं. पण त्यांचा विलंबित ख्याल मात्र त्या मापांत कधींच मावला नाहीं. जॅझचेंहि तसेंच झालें. नाचघरांत अर्धा अर्धा तास चालणारें वादन तीन मिनिटांत आलें, आणि पुढच्या पिढीनें त्या तीन मिनिटांसच मूळ वस्तु समजून त्याचा अभ्यास केला.

ध्वनिमुद्रिकांकडे वळण्यापूर्वीं 'ब्लूज' म्हणजे काय तें थोडक्यांत सांगणें जरूर आहे. १८६५ सालीं अमेरिकेंतील गुलामगिरी कायद्यानें संपली, तरी दक्षिणेकडील संस्थानांतून कृष्णवर्णीय शेतकरी जमीनदाराच्या कर्जांत बांधलेलाच राहिला. मिसिसिपी, टेक्सस, जॉर्जिया येथील कापसाच्या शेतांतून, रेल्वेच्या बांधकामांवर, तुरुंगांतून हें गाणें घडलें. त्याची घडण साधी आहे. एक चरण म्हणावयाचा, तोच पुन्हां म्हणावयाचा, आणि तिसऱ्या चरणांत त्यास उत्तर द्यावयाचें. असें तें बारा मात्राखंडांचें कडवें. प्रत्येक चरणानंतर गाणारा थांबतो व त्या रिकाम्या जागीं वाद्य बोलतें. जात्यावर बसून एकटीनें ओवी म्हणणाऱ्या बाईस कोणी साथीला बसवावें, तसा कांहींसा हा प्रकार आहे. स्वरांविषयीं सांगावयाचें तर या गाण्यांतील गंधार धड कोमलहि नसतो व धड शुद्धहि नसतो, निषादाचें तसेंच. पियानोच्या पट्ट्यांत तो स्वर सांपडत नाहीं, त्यामुळें पाश्चात्य शास्त्रकारांस त्याची व्यवस्था लावतां लावतां पुरेवाट झाली. दरबारीचा आंदोलित गंधार ज्यानें ऐकिला आहे त्यास मात्र यांत बिचकण्यासारखें कांहीं वाटूं नये.

आतां पहिली तबकडी. २६ फेब्रुवारी १९१७ रोजीं न्यू यॉर्क येथें व्हिक्टर कंपनीनें 'ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड' या संचाचें वादन मुद्रित केलें. जॅझची ही पहिली प्रसिद्ध झालेली तबकडी असें सर्व इतिहासकार मानतात. तींतील पांचहि वादक गौरवर्णीय होते. जें संगीत न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वस्तींत जन्मलें त्याच्या पोथीचें पहिलें पान असें दुसऱ्याच हातानें लिहिलें गेलें. 'लिव्हरी स्टेबल ब्लूज' या तिच्या एका बाजूवर क्लॅरिनेट कोंबड्यासारखें आरवतें व कॉर्नेट घोड्यासारखें खिंकाळतें. ही बाजू एकदां ऐकावी. दोनदां ऐकण्याची गरज आम्हांस वाटत नाहीं.

तिच्याहून महत्त्वाची तबकडी १० ऑगस्ट १९२० रोजीं मुद्रित झाली. 'ओके' नांवाच्या कंपनीनें मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेकडून 'क्रेझी ब्लूज' हें गाणें गाऊन घेतलें. कृष्णवर्णीय लोक तबकड्या विकत घेत नाहींत अशी तोंवर कंपन्यांची खात्री होती. ही तबकडी पाहतां पाहतां हजारोंनीं खपली आणि ती खात्री रातोरात नाहींशी झाली. लागलीच प्रत्येक कंपनीनें या गिऱ्हाइकासाठीं निराळी मालिका काढिली. त्या मालांस 'रेस रेकॉर्ड्स' म्हणत. आगगाडींत जसे डबे निराळे, तसे तबकड्यांचे अनुक्रमांकहि निराळे. कलेच्या प्रेमानें हें घडलें नाहीं, नफ्याच्या लोभानें घडलें. परंतु त्या लोभापायींच शेंकडों गायक-वादक मुद्रणयंत्रासमोर उभे राहिले, हेंहि विसरून चालणार नाहीं.

१९२३ सालच्या एप्रिल महिन्यांत जोसेफ 'किंग' ऑलिव्हर याचा संच शिकागोहून इंडियाना संस्थानांतील रिचमंड या गांवीं गेला. तेथें पियानोच्या एका कारखान्याच्या आवारांत 'जेनेट' कंपनीची मुद्रणशाळा होती. तिच्या जवळूनच लोहमार्ग जात असे, आणि गाडी आली कीं मुद्रण थांबवावें लागे. विजेचा ध्वनिग्राहक १९२५ पर्यंत प्रचारांत आला नव्हता. सर्वांनीं एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीवाटीनें उभें राहून वाजवावयाचें. संचांतील दुसरा कॉर्नेटवाला, एकवीस वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग, इतक्या जोरदार सुराचा होता कीं त्यास इतरांपासून बराच मागें उभें करावें लागलें, अशी आठवण सांगतात. या बैठकींतील 'डिपरमाउथ ब्लूज' व 'चाइम्स ब्लूज' या दोन बाजू अवश्य ऐकाव्या. दुसरींत आर्मस्ट्राँगचें पहिलें स्वतंत्र वादन आहे. आवाज जुन्या दुधाटलेल्या आरशांत पाहिल्यासारखा धूसर वाटेल, पण तिसऱ्या-चौथ्या श्रवणांत कान सरावतो. याच जेनेट कंपनीनें त्या काळांत कृष्णवर्णीयांच्या द्वेषावर पोसलेल्या 'कू क्लक्स क्लॅन' या टोळीच्याहि तबकड्या पैसे घेऊन छापून दिल्या. ज्या कारखान्यांत ऑलिव्हरची तबकडी निघाली त्यांतूनच त्याहि निघाल्या. व्यापाराची निःपक्षपाती वृत्ति ती हीच!

ब्लूज गाणाऱ्या स्त्रियांत बेसी स्मिथ सर्वश्रेष्ठ होय. तिच्या मुद्रिकांतून एकच निवडावयाची तर आम्ही १४ जानेवारी १९२५ ची 'सेंट लुई ब्लूज' निवडूं. हें गाणें डब्ल्यू. सी. हँडी यानें १९१४ सालीं प्रसिद्ध केलेलें. या तबकडीवर बेसीच्या साथीस आर्मस्ट्राँगचें कॉर्नेट आहे, आणि दुसरें वाद्य आहे आपली पेटी! फ्रेड लाँगशॉ नांवाच्या वादकानें हार्मोनियमचे लांबलचक सूर धरून ठेविले आहेत. पेटीवर मींड निघत नाहीं आणि श्रुति लागत नाहीं या कारणास्तव आपल्याकडे १९४० सालीं आकाशवाणीनें तिला बहिष्कृत केलें, व पुढें कित्येक वर्षें तो वाद गाजत राहिला. त्या वादांतील दोन्ही पक्षांनीं ही तबकडी ऐकावी असें आम्हांस वाटतें. पेटीचा सूर खांबासारखा ताठ उभा आहे, बेसीचा गळा त्याच्या भोंवतीं कोमल-शुद्धाच्या मधल्या जागेंतून वळतो, आणि त्या ताठपणामुळेंच ते वळण अधिक स्पष्ट दिसतें.

तिची दुसरी मुद्रिका 'बॅकवॉटर ब्लूज'. पुरांत घर गेलेल्या बाईचें हें गाणें आहे. १९२७ च्या वसंत ऋतूंत मिसिसिपी नदीस महापूर आला, लक्षावधि लोक निराश्रित झाले, आणि ही तबकडी त्या पुराचेंच गाणें म्हणून घरोघर वाजूं लागली. वस्तुतः ती त्याच्या आधींच, १७ फेब्रुवारीस मुद्रित झालेली होती. गाणें एका पुराचें, आणि त्यास अर्थ दिला दुसऱ्या पुरानें. आमच्या लोकगीतांच्या बाबतींतहि असें पुष्कळदां झालें असावें; तेथें तारीख पाहावयास तबकडी नसते इतकेंच.

बेसी स्मिथला दर बाजूस ठराविक रक्कम मिळे. विक्रीवर हक्क असा नव्हता. तिच्या तबकड्यांनीं कोलंबिया कंपनीस मोठा नफा करून दिला. २६ सप्टेंबर १९३७ रोजीं मिसिसिपींतील क्लार्क्सडेलनजीक मोटारीच्या अपघातांत तिला मरण आलें. गोऱ्यांच्या रुग्णालयानें तिला दारांतून परत पाठविलें म्हणून ती मेली अशी वार्ता त्या वेळीं पसरली, तिच्यावर नाटकहि झालें. पण संशोधनान्तीं ती खरी ठरत नाहीं. तिला थेट कृष्णवर्णीयांच्या रुग्णालयांतच नेलें होतें. त्या प्रांतांत दुसरीकडे नेण्याचा विचारहि कोणाच्या मनांत आला नसता, ही गोष्ट त्या वार्तेहून कमी दारुण नाहीं. तिच्या थडग्यावर १९७० पर्यंत नांवाचा दगड नव्हता.

आर्मस्ट्राँगनें १९२५ च्या नोव्हेंबरपासून शिकागोंत 'हॉट फाइव्ह' या नांवानें जें वाजविलें त्यास या संगीताचें महाकाव्य म्हटलें तरी चालेल. हा संच जवळजवळ केवळ मुद्रणापुरताच अस्तित्वांत होता. सभागृहांत तो क्वचितच बसला. तबकडी नसती तर हें संगीत हरवलें असतें असें येथें म्हणतां येत नाहीं; तें जन्मासच आलें नसतें. त्यांतील २८ जून १९२८ ची 'वेस्ट एंड ब्लूज' ही बाजू कोणत्याहि संग्रहांत असलीच पाहिजे. आरंभीं साथ मुळींच नाहीं. एकटें ट्रंपेट वर चढतें, क्षणभर थांबतें, मग जिना उतरावा तसें वळणें घेत खालीं येतें. हें सारें पंधरा सेकंदांच्या आंत होतें. आमच्याकडील गवई ज्यास आलाप म्हणतात त्याचा पैस यांत नाहीं. परंतु पुढें काय येणार आहे त्याचा संपूर्ण भाव आधीं सांगून टाकण्याचें सामर्थ्य तेंच आहे. मधल्या भागांत आर्मस्ट्राँग निरर्थक अक्षरांवर गातो. तराणा ऐकणाऱ्यांस त्याचें नवल वाटूं नये. अर्ल हाइन्सचा पियानो शेवटीं येतो. तो लक्षपूर्वक ऐकावा.

शहरांतील या वैभवाच्या बाजूस खेड्यांतील एकट्या गायकांचा एक प्रवाह होता. विस्कॉन्सिन संस्थानांतील खुर्च्या करणाऱ्या एका कंपनीनें ग्रामोफोनचीं कपाटें करावयास घेतलीं, आणि कपाटें खपावीं म्हणून तबकड्या काढिल्या. त्या तबकड्यांचें नांव 'पॅरामाउंट'. माल हलका, खरखर फार. पण ब्लाइंड लेमन जेफर्सन व चार्ली पॅटन या दोघांचा आवाज आपणांस ऐकूं येतो तो या खुर्चीवाल्यांच्या कृपेनें. मंदीच्या लाटेंत हा धंदा बुडाला आणि मूळ धातूचे साचे मोडींत गेले. कित्येक मुद्रिकांच्या आज दोनचारच प्रती उरल्या आहेत. पॅटनची गाणीं नव्या श्रोत्यानें आरंभीं घेऊं नयेत. खरखरीखालून शब्द काढतां काढतां उत्साह मावळतो.

त्यापेक्षां रॉबर्ट जॉन्सन घ्यावा. त्यानें १९३६ च्या नोव्हेंबरांत सॅन अँटोनियो येथें व १९३७ च्या जूनमध्यें डॅलस येथें मिळून एकोणतीस गाणीं मुद्रित केलीं. पुढल्या वर्षीं, १९३८ च्या ऑगस्टमध्यें, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं तो वारला. चव्हाट्यावर सैतानास आत्मा विकून त्यानें गिटारची विद्या मिळविली अशी जी कथा आहे ती आम्ही येथें विस्तारानें सांगत नाहीं. रियाज नाकारणाऱ्या अशा कथा सर्व देशांत गुणी माणसाच्या वांट्यास येतात. जी हकीकत सांगण्यासारखी आहे ती निराळी. जॉन हॅमंड या संगीतप्रेमी गृहस्थानें २३ डिसेंबर १९३८ रोजीं न्यू यॉर्कच्या कार्नेगी सभागृहांत कृष्णवर्णीय संगीताचा मोठा जलसा भरविला, व त्यांत जॉन्सनला आणण्याचें योजिलें. तो मेल्याचें कळलें तेव्हां हॅमंडनें रंगमंचावर ग्रामोफोन लावून त्याच्या दोन तबकड्या ऐकविल्या. प्रेक्षागृह भरलेलें, आणि मंचावर माणूस नाहीं. १९६१ सालीं त्याचीं निवडक गाणीं 'किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स' या नांवानें दीर्घ तबकडीवर निघालीं, तीच घ्यावी.

याच ओळींत टेक्ससचा अंध भजनी ब्लाइंड विली जॉन्सन बसतो. १९२७ च्या डिसेंबरांत डॅलस येथें कोलंबिया कंपनीनें मुद्रित केलेली त्याची 'डार्क वॉज द नाइट' ही बाजू केवळ गुणगुणणें आहे. शब्द नाहींत. तारेवरून घसरत जाणारी गिटारची मींड आणि तिच्या मागोमाग जाणारा घोगरा हुंकार. ही तबकडी आम्ही शिफारस करण्याच्या कितीतरी आधीं, १९७७ सालीं, अमेरिकन शास्त्रज्ञांनीं 'व्हॉयेजर' या दोन अंतराळयानांबरोबर सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडींत घालून सूर्यमालेच्या बाहेर धाडली आहे. त्या तबकडीवर हिंदुस्थानची म्हणून एकच चीज आहे : केसरबाई केरकरांची भैरवी. गोव्यांतील केरी गांवच्या या मानी गायिकेस ध्वनिमुद्रणाविषयीं फारसें प्रेम नव्हतें. तिच्या गायकीच्या मानानें तिच्या मुद्रिका किती थोड्या! त्या सुवर्ण तबकडींत केसरबाईंची भैरवी संपते आणि लगेच पुढें हा टेक्ससचा आंधळा गुणगुणूं लागतो. एकापाठोपाठ एक, साडेतीन मिनिटें आणि सव्वातीन मिनिटें. केसरबाई १६ सप्टेंबर १९७७ रोजीं मुंबईस वारल्या. तेव्हां दुसरें यान निघून पंधरा दिवसहि झाले नव्हते. ब्लाइंड विली त्याच्या बत्तीस वर्षें आधीं, १९४५ सालीं, बोमाँट गांवीं दारिद्र्यांत मेला होता. ज्यांनीं इतर कांहींहि ऐकलें नाहीं त्यांनीं या दोन तबकड्या त्याच क्रमानें, मधें न थांबतां, एके रात्रीं ऐकाव्या.

१९३९ च्या दोन मुद्रिका आमच्या निवडींत हव्यात. बिली हॉलिडे हिनें २० एप्रिलला गायिलेलें 'स्ट्रेंज फ्रूट' हें गाणें, जमावानें फांसावर चढविलेल्या कृष्णवर्णीयांचे देह झाडास लागलेल्या फळांसारखे पाहतें. न्यू यॉर्कच्या एका यहुदी शाळामास्तरानें, एबल मीरोपोल यानें, तें लिहिलें. ज्या कोलंबिया कंपनीशीं हॉलिडेचा करार होता तिनें तें मुद्रित करण्याचें नाकारलें. शेवटीं 'कमोडोर' नांवाच्या लहानशा कंपनीनें तें काढिलें. हें गाणें मनोरंजनासाठीं ऐकावयाचें नव्हे. घरांत मुलें असल्यास त्यांस तें काय आहे हें आधीं सांगावें, म्हणजे ऐकण्याचें सार्थक होईल. दुसरी मुद्रिका ११ ऑक्टोबरची, कोलमन हॉकिन्सच्या सॅक्सोफोनवरील 'बॉडी अँड सोल'. त्या काळचें एक लोकप्रिय गाणें घेऊन त्याची चाल त्यानें आरंभींच्या थोड्या ओळींत सुचविली न सुचविली तोंच सोडून दिली, आणि बाकीचा सर्व वेळ तिच्या आधारस्वरांवर नवी इमारत उभारली. अस्ताई एकदां सांगून विस्तारास लागणाऱ्या गवयाच्या श्रोत्यांस हें लवकर उमजेल. ड्यूक एलिंग्टनची ६ मार्च १९४० ची 'को-को' ही त्यापुढची. पंधरा वादकांचा संच तीन मिनिटांत किती रंग दाखवूं शकतो याचा तो कळस आहे.

यानंतर पोथीचीं कांहीं पानें कोरीं आहेत. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेंतील वादकसंघानें ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. तबकड्या हॉटेलांतून व आकाशवाणीवरून वाजूं लागल्यामुळें जिवंत वादकांची भाकरी जाते, सबब कंपन्यांनीं संघास भरपाई द्यावी, ही त्यांची मागणी. दोन मोठ्या कंपन्या १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत नमल्या नाहींत. मागणी न्याय्य होती असेंच आमचें मत आहे. बेसी स्मिथचा हिशेब वर दिलाच आहे. परंतु नेमक्या याच काळांत चार्ली पार्कर व डिझी गिलेस्पी हे तरुण या संगीताचें व्याकरण बदलीत होते. १९४३ सालीं अर्ल हाइन्सच्या संचांत ते दोघे एकत्र वाजवीत. त्या संचाची एकहि तबकडी निघाली नाहीं. म्हणून १९४५ च्या २६ नोव्हेंबरची पार्करची 'को-को' (एलिंग्टनच्या 'को-को'शीं तिचा नांवापलीकडे संबंध नाहीं) एकदम ऐकणाऱ्यास आकाशांतून पडल्यासारखी वाटते. आमच्या दारांतून परतलेल्या मित्रांच्या हातीं बहुधा हीच किंवा हिच्यासारखी तबकडी पडलेली असते. मधला दुवा कानांवर न आल्यामुळें अमेरिकन श्रोतेहि त्या वेळीं असेच गोंधळले होते.

त्याच वर्षांत तबकड्यांस दुसरी एक आंच लागली, आणि तिचा संबंध आपल्या देशाशीं आहे. जुन्या तबकड्या ज्या चपड्यापासून होत तो चपडा म्हणजे आपली लाख. छोटा नागपूरच्या जंगलांतील पळस, कुसुम व बोर यांवरच्या किड्यांनीं केलेली ही राळ कलकत्त्याहून अमेरिकेस जाई. युद्धामुळें समुद्रमार्ग धोक्यांत आले, चपडा युद्धसामग्रीस लागूं लागला, व १९४२ सालीं अमेरिकन सरकारनें तबकड्यांसाठीं त्याचा वापर अगदीं थोडा ठेविला. नव्या तबकड्यांस माल मिळावा म्हणून लोकांकडून जुन्या गोळा करून त्या दळीत. त्या दळणांत कोणाकोणाचा आवाज गेला याची मोजदाद कोण करणार?

१९४८ सालीं कोलंबिया कंपनीनें दीर्घ तबकडी आणिली आणि तीन मिनिटांचें बंधन सुटलें. हें युग अधिक परिचित असल्यामुळें त्याविषयीं थोडक्यांतच लिहितों. एलिंग्टनची १९५६ ची 'न्यूपोर्ट' येथील मैफल घ्यावी. तींत पॉल गोन्साल्विसनें सॅक्सोफोनवर ब्लूजचीं सत्तावीस आवर्तनें एका दमांत वाजविलीं आहेत. (नांवावरून गोव्याचे वाचक हक्क सांगतील; पण त्याचे पूर्वज केप व्हर्दे बेटांवरचे.) मडी वॉटर्सची १९६० ची न्यूपोर्टची मैफल आणि बी. बी. किंगची 'लाइव्ह ॲट द रीगल', शिकागो, १९६४, या दोहोंत ब्लूज खेड्यांतून शहरांत येऊन विजेच्या गिटारवर कसा बोलूं लागला तें दिसतें. दुसरींत श्रोत्यांची दाद वादनाइतकीच ऐकण्यासारखी आहे. माइल्स डेव्हिसची १९५९ ची 'काइंड ऑफ ब्लू' ही आमच्याकडील श्रोत्यांस सर्वांत लवकर वश करते. कारण उघड आहे : तींत आधारस्वरांची धांवपळ नाहीं, एकाच स्वरसमूहावर पुष्कळ वेळ थांबून शांतपणें विस्तार केलेला आहे, व वादकांच्या हातीं आधीं केवळ जुजबी आराखडे दिले होते. जॉन कोल्ट्रेनची ९ डिसेंबर १९६४ रोजीं मुद्रित झालेली 'अ लव्ह सुप्रीम' मात्र घाईनें घेऊं नये. ती ईश्वरार्पण केलेली चार खंडांची कृति आहे, आणि तिच्या शेवटच्या खंडांत कोल्ट्रेन स्वतःची प्रार्थना सॅक्सोफोनवर अक्षरशः अक्षरें लावून म्हणतो. याच वादकानें आपल्या मुलाचें नांव पंडित रविशंकरांवरून रवि ठेविलें.

राहतां राहिली मुंबई. १९३५ सालीं लिऑन ॲबी याचा कृष्णवर्णीय वादकांचा संच ताजमहाल हॉटेलांत वाजवावयास आला. त्यामागून क्रिकेट स्मिथ हा ट्रंपेटवाला व टेडी वेदरफर्ड हा शिकागोचा पियानोवादक आले. स्मिथच्या संचानें १९३६ सालीं मुंबईंतच तबकड्या मुद्रित केल्या. वेदरफर्ड पुढें कलकत्त्यास गेला व १९४५ सालीं तेथेंच पटकीनें वारला. स्वदेशीं ज्यांस ताजसारख्या हॉटेलांत पाहुणा म्हणून कोणी खोली दिली नसती ते येथें वाजवीत होते. आणि एतद्देशीय वादक त्यांच्या शेजारीं बसून शिकत होते. हे वादक बहुतेक गोव्याचे. पोर्तुगीज अमदानींतील चर्चच्या शाळांतून त्यांस स्वरलिपि व व्हायोलिन लहानपणींच शिकविलेलें असे, त्यामुळें हातास वळण होतेंच. त्यांत आंतोनियो शावियेर वाझ हा ट्रंपेटवाला 'चिक चॉकलेट' या नांवानें प्रसिद्ध झाला, व मुंबईचा आर्मस्ट्राँग म्हणून त्याची ख्याति झाली. हॉटेलांतील कामास उतार लागल्यावर या मंडळींस चित्रपटांच्या वाद्यवृंदांनीं पोसलें. तेथें त्यांची गांठ पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांशीं, म्हणजे सी. रामचंद्रांशीं, पडली. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटाच्या संगीतांत चिक चॉकलेटचा हात आहे. त्यांतील पदें घरोघर पाठ आहेत, पण तीं ऐकतांना सर्वांचें लक्ष गाणाऱ्याकडे असतें. यापुढें तीं लावाल तेव्हां दोन ओळींच्या मधें जें ट्रंपेट उत्तर देतें तेवढें ऐका, आणि त्यानंतर लगेच 'वेस्ट एंड ब्लूज'ची बाजू लावा.